एमएमओ बांधता येईल, पण तो वीस वर्षं चालवायचा कसा?

रात्रपाळी (धागाकर्ता)

गेम डेव्हलपमेंटच्या जुन्या धाग्यावर इंजिनिअरिंगच्या काही मुलांनी विचारलं होतं की आम्हाला एमएमओ (हजारो जण इंटरनेटवरून एकाच जगात खेळतात असा गेम) बनवायचाय, इंजिन (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) कुठलं घेऊ? त्यावर युनिटी की अनरियल अशी भरपूर जुंपली. मला तो प्रश्न बराच नंतरचा वाटतो. इंजिन चित्र दाखवतं. हजारो माणसं रोज एकाच जगात येऊ लागली की त्या जगाचं काय होतं, ते कळायला आधी यातून गेलेल्यांकडे बघावं लागतं. म्हणून हा वेगळा धागा.

सुरुवात अल्टिमा ऑनलाइन या गेमपासून. टेक्ससमधल्या ऑस्टिनची ओरिजिन सिस्टिम्स, सप्टेंबर १९९७. रिचर्ड गॅरियट, राफ कोस्टर आणि त्यांच्या चमूने त्यात जिवंत जंगल घालायचं ठरवलं होतं. सशाला गवत हवं, लांडग्याला ससे हवेत, ससे संपले की लांडगा दुसरं भक्ष्य शोधणार, अशी पूर्ण साखळी. खेळाडू आत आले आणि दिसेल ते मारत सुटले. नवे ससे यायचा वेग त्यांच्या तलवारींपुढे कुठेच टिकेना. लांडग्याला भूक लागायच्या आत लांडगाच मेलेला असायचा. इतक्या मेहनतीने घडवलेली ती साखळी शेवटी काढून टाकावी लागली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण डिझाइन चांगलं होतं, माणसं हुशार होती, आणि तरीही खरी गर्दी येईपर्यंत कोणाला काही दिसलं नाही.

पैशाचंही असंच होतं. मी त्याचा विचार नळ आणि मोरी असा करतो. राक्षस मेला की सोनं पडतं. ते कोणाच्या खिशातून येत नाही, सर्व्हर त्या क्षणी ते निर्माण करतो. हा नळ चोवीस तास वाहता. मग मोरी कुठे आहे? हत्यारांची दुरुस्ती, प्रवासाचं भाडं, लिलावघराचा कर, घराची पट्टी. मोरी अरुंद असली की जुन्या लोकांकडे सोनं साठत जातं, भाव चढतात, आणि काल आलेल्या माणसाला पहिली बरी तलवारसुद्धा परवडत नाही. तो तक्रार करत बसत नाही, गेम काढून टाकतो. नवी माणसं टिकेनाशी झाली की जुन्यांनाही खेळायला सोबत उरत नाही.

आता ज्यांना हे जमलं त्यांच्याबद्दल. आइसलँडमधल्या रेकयाविकची सीसीपी ही कंपनी ६ मे २००३ पासून ईव्ह ऑनलाइन चालवते आहे. हजारो तारामंडळांचं अंतराळ, आणि चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात. तिथली बहुतेक प्रत्येक वस्तू, बंदुकीच्या गोळीपासून अवाढव्य टायटन जहाजापर्यंत, कोणातरी खेळाडूने खनिज खणून आणि कारखान्यात बनवून बाजारात आणलेली असते. आणि लढाईत जहाज फुटलं की गेलं, परत मिळत नाही. माझ्या मते हा गेम या एका नियमावर जगला आहे. फुटलेलं पुन्हा बनवावं लागतं, म्हणून खाणवाल्याला काम आहे, मालवाहू जहाजवाल्याला काम आहे, त्याला वाटेत गाठणाऱ्या लुटारूलाही आहे. नवख्याने बनवलेल्या साध्या गोळ्यांनाही गिऱ्हाईक मिळतं.

२००७ मध्ये सीसीपीने एयोल्फुर गुडमुंडसन हा अर्थशास्त्रज्ञ नोकरीवर घेतला. किती चलन आहे, भाव कुठे चाललेत, व्यापार कुठे होतोय हे मोजायचं आणि खेळाडूंपुढे मांडायचं हे त्यांचं काम. (पुढे ते आकुरेरी विद्यापीठाचे रेक्टर झाले.) खेळाच्या अर्थकारणाचे मासिक अहवाल सीसीपी आजही काढते: खणलं किती, फुटलं किती, चलन आलं किती, गेलं किती. खेळाडूंशी इतक्या उघडपणे हिशेब ठेवणारी गेम कंपनी माझ्या माहितीत दुसरी नाही, आणि मला याबद्दल खरोखर आदर आहे.

२७ जानेवारी २०१४ ची लढाई तर प्रसिद्धच आहे. खेळाडूंच्या एका आघाडीकडून एका तारामंडळाच्या ताब्याचा हप्ता भरायचा राहिला. ताबा सुटला, शत्रू धावून आले, आणि मग २१ तास युद्ध. ७,५०० हून जास्त खेळाडू त्यात उतरले आणि ७५ टायटन फुटले. खऱ्या पैशांत मोजलं तर नुकसान ३ लाख डॉलरच्या पुढे गेलं. सर्व्हर कोसळला नाही तो एका युक्तीमुळे. भार वाढला की त्या तारामंडळातला वेळच मंद करायचा, अगदी मूळ वेगाच्या १० टक्क्यांपर्यंत. गोळी सुटायला दहापट वेळ लागतो, पण सगळ्यांना सारखाच लागतो. कोणावर अन्याय नाही. जग मोडण्यापेक्षा हळू चालवलेलं बरं, हा निर्णय मला प्रचंड आवडतो.

याच कंपनीचे दिवस फिरलेलेही आहेत. २००७ मध्येच एका कर्मचाऱ्याने आपल्या ओळखीच्या आघाडीला दुर्मीळ ब्लूप्रिंट (गेममधल्या वस्तू बनवायचे आराखडे) दिल्याचं बाहेर आलं. खेळाडू भडकले. पुढच्या वर्षी खेळाडूंनी निवडून दिलेलं मंडळ सुरू झालं. २०११ मध्ये पात्राच्या डोळ्यावर लावायचा एक चष्मा साठेक डॉलरना विकायला ठेवला, आणि त्याच सुमारास पैसे देऊन वरचढ होता येईल अशा वस्तूंची चर्चा करणारं अंतर्गत पत्रक फुटलं. जिता या बाजारपेठेच्या तारामंडळात हजारो जहाजं निषेधाला जमली. त्या ऑक्टोबरात कंपनीचे प्रमुख हिल्मार पेटुर्सन यांनी जाहीर माफी मागितली, २० टक्के नोकऱ्या गेल्या, आणि पुढचं विस्तारपर्व पुन्हा जहाजांवर काढलं. चष्म्याची किंमत हे निमित्त होतं. आपण दहा वर्षं घाम गाळून जे मिळवतो ते उद्या कोणी कार्ड घासून घेईल का, ही खरी भीती होती.

जे खेळतात, बनवतात किंवा सर्व्हर सांभाळतात त्यांनी भर घालावी.

पाऊसवेडी

यातलं काहीच कधी खेळलेले नाही, तरी एका दमात वाचलं. एक शंका. ईव्हमध्ये जहाज फुटलं म्हणजे पैसाही कमी झाला ना? मग तीच मोरी झाली की.

रात्रपाळी

पाऊसवेडी, इथेच सगळे घसरतात. जहाज फुटलं की खनिज नष्ट होतं, चलन नाही. ते चलन जहाज विकणाऱ्याकडे आधीच पोचलेलं असतं. उलट जहाजाचा विमा असला तर त्याची भरपाई गेम देतो, म्हणजे फुटण्यातून नवं चलन जन्मतं! चलन खरोखर नाहीसं होतं ते बाजाराच्या करात, दलालीत आणि गेमकडून थेट घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंमध्ये. वस्तूंची मोरी वेगळी, चलनाची वेगळी. एकच सांभाळली तर दुसरीकडे तुंबतं.

दगडफूल

उत्तम धागा. सर्व्हरच्या बाजूने लिहितो. माझं रोजचं काम पेमेंट सिस्टिमचं आहे, पण दुखणी बरीचशी तीच.

आधी गर्दीचं गणित. मैदानात १०० जण आहेत आणि प्रत्येकाची हालचाल बाकीच्यांना कळवायची, तर एका फेरीत साधारण १० हजार निरोप. १,००० जण आले की १० लाख. माणसं दहापट, काम शंभरपट. मोठं मशीन घेऊन थोडे दिवस निघतात, एवढंच. म्हणून जवळचेच दाखवायचे, लांबच्यांची खबर कमी वेळा द्यायची, किंवा एकाच गावाच्या चार प्रती काढून लोक त्यांत वाटायचे. २०१९ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक सुरू झालं तेव्हा ब्लिझार्डने हा शेवटचा उपाय केला. सर्व्हर तगले, पण फोनवर 'मी विहिरीपाशीच उभा आहे' म्हणणारा मित्र दिसायचा नाही. ईव्हने वेळ ताणली, यांनी जागा ताणली. काहीतरी ताणावंच लागतं.

दुसरं, खेळाडूच्या मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा शब्द कधीही अंतिम धरायचा नाही. अ‍ॅमेझॉनचा न्यू वर्ल्ड सप्टेंबर २०२१ मध्ये आला, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर एकाच वेळी ९ लाखांहून जास्त लोक आत होते. महिनाभरात लोकांना कळलं की गेमची खिडकी माउसने धरून हलवत राहिलं की आपल्याला मार बसत नाही. सर्व्हर खेळाडूच्या मशीनकडून खबर यायची वाट बघत थांबत होता, तेवढा वेळ हा अमर. हे पॅचने (दुरुस्तीच्या अपडेटने) मिटलं. पण लगेच सोनं दुप्पट करायच्या क्लृप्त्या निघाल्या, आणि त्या नोव्हेंबरात अख्ख्या गेमचा व्यापार काही काळ बंद ठेवावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने यापुढे नवी भर घालणार नाही असं जाहीर केलं. मधल्या काळात त्यांनी बरंच सुधारलं होतं, हेही सांगायला हवं. पण पहिल्या दोन महिन्यांत गेलेले लोक नव्याने आणणं फार अवघड.

तिसरं डुप, म्हणजे एका वस्तूच्या दोन होणं. मी तुम्हाला तलवार दिली. तुमची नोंद डेटाबेसमध्ये गेली, माझी जायच्या आत सर्व्हर पडला. परत आलो तर तलवार दोघांकडे. खेळाडूंना हे कळलं की ते मुद्दाम सर्व्हर पाडायच्या वाटा शोधतात. उपाय बँकेचाच: देणं आणि घेणं एकाच व्यवहारात, दोन्ही होतील किंवा एकही नाही. आणि प्रत्येक वस्तूला स्वतःचा क्रमांक, म्हणजे एकच क्रमांक दोन ठिकाणी दिसला की घंटा वाजते. हे नंतर बसवता येत नाही. मी दुसऱ्या क्षेत्रात हे नंतर बसवण्याचे प्रयत्न पाहिले आहेत, तो त्रास कोणाच्या वाट्याला येऊ नये.

कोकणकडा

ओल्ड स्कूल रूनस्केप खेळणारा इथे कोणीच नाही का? मग मी लिहितो.

केंब्रिजच्या जॅगेक्सचा रूनस्केप २००१ चा. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी खेळाडूंमधला मुक्त व्यापार जवळपास बंद केला. कारण सोनं विकणाऱ्या टोळ्या चोरीच्या क्रेडिट कार्डांवर खाती उघडत होत्या आणि त्याचा भुर्दंड कंपनीवर येत होता. कारण खरं होतं, पण उपायाने गेमचा जीवच काढला. मित्राला भेट म्हणून काही देता येईना. २०११ च्या सुरुवातीला मतदान घेऊन व्यापार परत आणला. तोवर लढाईची पद्धत बदलायच्या वाटेवर होती, आणि जुने लोक निघून गेले.

मग २०१३ मध्ये जॅगेक्सने सांगितलं की ऑगस्ट २००७ चा एक बॅकअप आमच्याकडे आहे, तुम्हाला तो गेम परत हवा का? जवळपास साडेचार लाख मतं पडली आणि त्या फेब्रुवारीत जुना गेम वेगळा सुरू झाला. तेव्हापासून नवं काही घालायचं तर खेळाडूंचं मतदान, आणि ७५ टक्के होकार मिळाला तरच आत. (२०२२ पासून ७० टक्के.) २०१८ मध्ये तो मोबाइलवरही आला. मी रत्नागिरीत फोनच्या डेटावर खेळतो, सर्व्हर युरोपात, आणि तरी चालतं. कारण गेमची नाडीच, म्हणजे टिक, ०.६ सेकंदांची आहे. सर्व्हर दर ०.६ सेकंदांनी एकदा सगळ्यांच्या कृती घेतो. पिंग (निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असला तरी माझी कृती वेळेत पोचते. २००१ च्या इंटरनेटसाठी केलेली ही रचना आज आमच्यासारख्यांच्या कामी येते.

रात्रपाळींच्या मोरीत एक भर. २०२१ च्या अखेरीस त्यांनी बाजारात १ टक्का कर लावला, आणि जमलेल्या पैशातून गेम स्वतः महागड्या वस्तू विकत घेऊन नष्ट करतो. म्हणजे चलन आणि वस्तू, दोन्हींना एकच वाट. माझं मत स्पष्ट आहे: खेळाडूंना विचारून चालवा.

तिसरा प्रहर

कोकणकडा, तुमच्या गेमबद्दल आदर आहे, पण मतदानाने जग टिकतं हे मला पटत नाही. लोक जे ओळखीचं आहे त्यालाच मत देतात. फायनल फँटसी चौदा मतदानावर सोडला असता तर आज नसता.

सप्टेंबर २०१० मध्ये तो आला तेव्हा अगदी वाईट अवस्थेत होता. चित्रांवर इतका जोर की एका फुलदाणीवर अख्ख्या पात्राइतकी मेहनत खर्चलेली, आणि खेळायला गेलं की सगळं अडखळतंय. त्या डिसेंबरात नाओकी योशिदांकडे निर्माता-दिग्दर्शक म्हणून सूत्रं आली. त्यांनी एकाच वेळी दोन कामं काढली: चालू गेमला पॅच देत राहायचं, आणि शेजारी सगळं नव्याने बांधायचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातला चंद्र कोसळतो असं कथानकातच दाखवून जुनं जग बंद केलं. ऑगस्ट २०१३ मध्ये नवं उघडलं. जुनी पात्रं नव्या जगात घेऊन जाता आली.  असा निर्णय एका माणसाला घ्यावा लागतो आणि त्याची जबाबदारीही त्यालाच घ्यावी लागते.

डिसेंबर २०२१ मध्ये गर्दी इतकी झाली की आत यायला तासन्‌तास रांग. जगभर चिपचा तुटवडा, नवे सर्व्हर मिळेनात. तेव्हा त्यांनी चक्क गेमची विक्री थांबवली. शिवाय आधी ७ आणि मग १४ दिवस सगळ्यांना मोफत दिले, आणि योशिदा स्वतः लांबलचक पत्रं लिहून कारणं सांगत राहिले. मी त्या रांगेत होतो. चिडचिड व्हायची, पण फसवलं जातंय असं एकदाही वाटलं नाही.

त्यात घरांची एक व्यवस्था आहे. जागा मर्यादित, म्हणून मालक ४५ दिवस घरात फिरकला नाही की घर पाडलं जातं. कठोर आहे, पण नव्यांना जागा मिळते. आणि जपानमध्ये जानेवारी २०२४ चा नोतो भूकंप झाला तेव्हा ही मोजणी थांबवली होती. आपत्तीत अडकलेल्या माणसाचं खोटं घर तरी जाऊ नये, एवढा विचार कोणीतरी केला.

कोकणकडा

घरांचं माहीत नव्हतं. हे फार चांगलं केलं त्यांनी. मतदानाबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे. विचारायचं म्हणजे आराखडाही खेळाडूंनीच काढायचा असं नव्हे. प्रस्ताव बनवणारे अनुभवी लागतातच, नकाराचा हक्क लोकांकडे असावा एवढंच म्हणणं.

मधली सुट्टी

भारतातून खेळण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. आमचं गिल्ड (एकत्र खेळणाऱ्यांचा गट) अमेरिकेतलं. त्यांची रात्री आठची रेड (सगळ्यांनी मिळून करायची मोठी लढाई) म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेपाच-साडेसहा. आई उठून दूध तापवायची तेव्हा मी हेडफोन लावून बसलेली. त्या गिल्डमधली एक बाई नर्स होती, एक आजोबा ट्रक चालवायचे. माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी त्यांनी करून घेतली. वर सगळे नळ, मोरी, टिक वाचले, ते पटतंच. पण मी बरीच वर्षं सब्स्क्रिप्शन भरलं ते त्या दोघांसाठी. गेम नवा काही देत नव्हता तेव्हाही. लोकांना एकमेकांची गरज पडेल अशी रचना करणं हे कामही बनवणाऱ्यांचंच आहे. आजकाल सगळं एकट्याने करता यावं म्हणून सोय करतात आणि मग लोक टिकत नाहीत म्हणतात.

स्टेथोस्कोप

वैद्यकीय बाजूने छोटी भर. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या एका रेडमधला संसर्ग पाळीव प्राण्यांमार्फत बाहेर शहरांत आला. दुकानदार पात्रं मरत नव्हती, पण संसर्ग पसरवत होती. कमी लेव्हलचे पटापट पडत होते. कोणी उपचाराला धावले, कोणी शहर सोडून पळाले, कोणी मुद्दाम गर्दीत शिरले. ब्लिझार्डला सर्व्हर रीसेट करावे लागले. नीना फेफरमन आणि एरिक लॉफग्रेन यांनी यावर २००७ मध्ये लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेसमध्ये लेख लिहिला. साथीच्या गणिती मॉडेलमध्ये माणसाचं वागणं बसवायला अवघड जातं, आणि इथे ते आपोआप दिसलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा लेख आवर्जून वाचायला देते.

जुनी वही

चालवण्याबद्दल सगळे बोललात, बंद करण्याबद्दलही बोलायला हवं. सिटी ऑफ हीरोज हा एमएमओ २००४ चा. एनसीसॉफ्ट या कंपनीने ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद केला. लोकांनी मशाली घेऊन शहरात मोर्चे काढले, विनवण्या केल्या, काही झालं नाही. पुस्तक छापायचं थांबलं तरी घरात प्रत राहते. इथे आठ वर्षांचं पात्र, त्याची गोष्ट, मित्रांच्या याद्या, सगळं एका रात्रीत गेलं. २०१९ मध्ये उघड झालं की काही लोक गुपचूप सर्व्हर चालवत होते. मग तो कोड सगळ्यांसाठी खुला झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये होमकमिंग या चाहत्यांच्या सर्व्हरला एनसीसॉफ्टने रीतसर परवाना दिला. आज तो चालू आहे, स्वयंसेवक चालवतात, देणग्यांवर. म्हणजे हे शक्य आहे! २०१२ मध्येही शक्य होतं.

युरोपात गेम बंद करताना तो खेळण्याजोगा सोडून जा अशी मागणी करणाऱ्या मोहिमेला २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या मिळाल्या. कंपन्या म्हणतात सर्व्हरमध्ये इतरांचे परवाने असलेला कोड असतो, तो देता येत नाही. जुन्या गेमबाबत ते खरं असेल. पण आज नवा बनवणाऱ्याने पहिल्या दिवसापासून हा विचार केला तर अडचण कसली?

कोल्हापुरी कोड

नमस्कार, त्या जुन्या धाग्यावर प्रश्न विचारणारे आम्हीच. आम्ही चौघं आहोत, पैसे नाहीत, वेळ आहे. वाचून छाती दडपली, पण सोडायचं नाही असं ठरलंय. कुठून सुरू करू?

दगडफूल

सोडू नका. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात अनेकांनी एकत्र खेळायचं जग बनवणारे रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल हे विद्यार्थीच होते, आणि त्यांचं जग नुसत्या अक्षरांचं होतं. तुम्हीही चित्रं बाजूला ठेवा. पन्नास माणसांचं, मजकुरावर चालणारं किंवा अगदी साध्या चौकटींचं जग करा. टिक मुद्दाम हळू ठेवा, अर्धा सेकंद चालेल. सगळे निर्णय सर्व्हरवर. वस्तूंना क्रमांक, आणि प्रत्येक देवघेवीचा लॉग पहिल्या दिवसापासून. सोनं कुठून आलं आणि कुठे गेलं याचा तक्ता रोज रात्री आपोआप निघायला हवा. मग कॉलेजातल्या पन्नास जणांना आत सोडा आणि सांगा, मोडून दाखवा.

मधली सुट्टी

आणि एक तरी काम असं ठेवा जे दोघांशिवाय होत नाही.

कोल्हापुरी कोड

चालेल. डेटाबेसला पोस्टग्रेस घेतोय. लिलावघर पहिल्या टप्प्यात नको, थेट दोघांमधली देवघेव तेवढी ठेवतो. आणि सर्व्हरचा कोड खुला ठेवायचा की बंद पडताना खुला करायचा यावर आमच्यात वाद चालू आहे. जुनी वही, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

जुनी वही

मिळाला. आज रात्री सविस्तर लिहिते. परवान्याचा निर्णय पहिली ओळ लिहायच्या आत घ्या, चौघांच्या सह्यांनिशी.